वरच्या वाड्यावरच्या माईंना जाहीर आभार

आदरणीय माई,

सादर नमस्कार.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादई नदीचे पाणी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील काठच्या गावांत शिरले, तेव्हा आमच्या खालच्या वाड्यावरील, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीतील, घरांच्या मातीच्या भिंती भिजून एकामागून एक बसल्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते, आणि तो जुना पूर पाहिलेले आमच्याकडचे वृद्धही तेच म्हणत होते. पुराच्या त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पाणी उतरल्यानंतरच्या महिन्यांविषयी फारसे कोठे आले नाही, म्हणून हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे.

कोरोनाची दुसरी लाट जेमतेम ओसरली होती आणि परक्या माणसाला ओसरीवर घ्यायलाही लोक कचरत होते. अशा वेळी आपण देवळाचे सभागृह उघडून घेतले, आणि ज्या घरांत म्हातारी माणसे व लहान मुले होती, त्यांना आपल्या महिला गटातील बायकांनी थेट स्वतःच्या घरी नेले. बाहेरून तांदूळ, कपडे व पाणी घेऊन आलेल्या सर्वांचे आमच्यावर उपकारच आहेत. परंतु कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाला रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात, कोणाची गाय व्यायला आली आहे आणि कोण भुकेला असूनही मागणार नाही, हे गाडी घेऊन आलेल्या माणसाला कळणे शक्य नव्हते. आपल्याला ते विचारावे लागले नाही. वर्षानुवर्षांचे भजन, हळदीकुंकू, लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात उतरणे आणि गटाची दर महिन्याची बैठक यांतून ती माहिती आपल्याकडे आधीच होती.

त्याहून मोठा आधार नुकसानभरपाईच्या कागदपत्रांच्या कामी झाला, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर स्वतःचे नाव नसलेली कुटुंबे अनेक आहेत. घर पडल्याचे सर्वांना दिसते, पण ते आपलेच हे दाखवायला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे सांगणारा सरकारी कागद, हवा असतो, आणि त्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचेच असते. आपल्या गटातील निवृत्त शिक्षिकांनी घराघरांतून घरपट्टीच्या पावत्या व विजेची बिले गोळा केली, ओले कागद चुलीच्या उबेवर वाळवले, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अर्ज लिहून दिले आणि तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा त्या प्रत्येक दारात साक्षीला उभ्या राहिल्या. मामलेदार कचेरीत कोणाला भेटायचे, कोणता कागद आधी द्यायचा, हे त्यांना ठाऊक होते. ती ओळख त्यांनी आमच्यासाठी वापरली नसती, तर आमच्यापैकी कितीतरी जणांनी पहिल्याच फेरीनंतर नाद सोडला असता.

गटाच्या बचतीतून बिनव्याजी उसने पैसे मिळाले, विहिरी उपसून झाल्या, कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, गाळ तरुण मुलांनी काढला. चवथीला आमच्या घरावर छप्पर नव्हते, तेव्हा आमच्या गणपतीला आपण आपल्या चौकात जागा दिली, आणि गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचे, रानफळांचे सामान रानातून आणताना आमच्या वाट्याचेही आणले.

डॅनियल ऑल्ड्रिच नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ चा कोबे येथील भूकंप आणि २००४ च्या त्सुनामीनंतरचे तमिळनाडू यांचा अभ्यास करून असे मांडले आहे की, आपत्तीनंतर वस्ती किती लवकर सावरते, हे तेथील माणसांच्या आपसांतील संबंधांवर आणि सरकारदरबारापर्यंत पोचणाऱ्या ओळखींवर फार अवलंबून असते. हे मी पुढे वाचले, तेव्हा मला आपली बैठक आणि शिक्षिकांनी गोळा केलेले ते कागद आठवले. मदतकार्याच्या आराखड्यांत बोटी, दोरखंड व जेवणाची पाकिटे मोजली जातात, आणि ती हवीतच. गावोगावच्या महिला गटांची व भजनी मंडळांची नोंदही त्याच आराखड्यात असावी, असे मला मनापासून वाटते.

माई, उसने घेतलेले पैसे बहुतेकांनी फेडले आहेत. खालच्या वाड्यावरील बायकांनी आता स्वतःचा गट सुरू केला असून, दर वर्षी पावसाआधी प्रत्येक घराच्या कागदांच्या प्रती काढून त्या वरच्या वाड्यावर ठेवाव्यात, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी आपल्या कपाटात एक कप्पा द्यावा, ही विनंती. मे महिन्यात आम्ही प्रती घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
खालच्या वाड्यावरील एक शेतकरी