ड्रमला खालून आधार दे

साखळी, गोवा

चि. मेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाय, तुझ्या महिरपीचे फोटो आईने मोठे करकरून पाहिले. तिला नक्षी आवडली. मला आतल्या वळणावरच्या करवतीच्या रेघा दिसल्या. जिगसॉचं पातं वळणात थोडं कलतं, म्हणून कड वर एक आणि खाली एक निघते, हे तुलाही कळलं असेल. अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर घेऊन एका देव्हाऱ्याच्या कडा कुणीही साफ करील. पण चवथीच्या आधी एवढी मखरं पुरी करायची तर तुझी मनगटं जातील. तेव्हा ड्रिल मशीनवर घासणीचा ड्रम, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेलं फिरतं लाकूड, बसवायचा तुझा विचार योग्यच आहे. दुकानातला तो रबरी ड्रमचा संच मात्र घेऊ नकोस. तो वाईट असतो असं नाही, पण त्यात काम अर्धंच केलेलं असतं. वरचं टोक चकात, म्हणजे ड्रिलचं पातं धरणाऱ्या जबड्यात, खालचं टोक हवेत.

फोनवर सांगायला लागलो की तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणतेस आणि मग स्वतःच्या मनासारखं करतेस. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय.

ड्रिल मशीन बनवलेलं असतं ते खाली दाबण्यासाठी. बहुतेक बेंच ड्रिलमध्ये चक आट्यांनी बसवलेला नसतो. तो निमुळत्या टेपरवर नुसता घट्ट रुतून बसलेला असतो आणि त्याला घर्षणाशिवाय दुसरं काही धरून ठेवत नाही. छिद्र पाडताना लाकूड चकाला वर ढकलतं, त्याने तो आणखीच घट्ट होतो. पण बाजूने दाब आला आणि वर थरथर सुरू राहिली की तोच टेपर हळूहळू सुटायला लागतो. खाणीवरच्या आमच्या गॅरेजात एका पोराने ड्रिलच्या चकात घासायचा दगड धरला आणि लोखंडी फ्लँज त्याला आडवी दाबत बसला. चक दगडासकट सुटला, जमिनीवर पडला आणि फिरत फिरत उभ्या जीपखाली गेला. कुणाला लागलं नाही एवढंच. फोरमन त्याला काही बोलला नाही, फक्त जीपखाली वाकून चक काढायला लावला.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि मी घरच्या पडवीत लाकूडकाम सुरू केलं. गॅरेजातून डोक्यात भरून काय आणलं असेल तर बेअरिंग. सुतार लाकूड बघतो, फिटर आधी बघतो दाब कुठून येतो आणि जातो कुठे. आपल्या ड्रमवर दाब आडवा येणार, तो काही टळत नाही. मग त्याला जायला खाली जागा करून दे. शाफ्टचं, म्हणजे ड्रमच्या मधल्या दांड्याचं, खालचं टोक एका बेअरिंगमध्ये बसव. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

शाफ्टसाठी बाजारातला आट्यांचा रॉड घेऊ नकोस. तो क्वचितच सरळ असतो, चकाचे जबडे आट्यांवर नीट बसत नाहीत आणि बेअरिंग तर त्यावर बसतच नाही. 12 मिमीचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई घे, 180 मिमी लांब. मग एखाद्या लेथवाल्याकडे जा. पुण्यात भोसरीकडे ढिगाने आहेत. त्याला असं सांग: वरचे 35 मिमी साधेच ठेवायचे, ते चकात जातील. त्याखाली 105 मिमीवर एम-12 चे, म्हणजे 12 मिमीच्या बोल्टचे आटे. सगळ्यात खाली 40 मिमीचं शेपूट, 10 मिमी व्यासाचं. शेपूट बारीक कशासाठी? एम-12 च्या नटाचं आतलं तोंड 10 मिमीहून किंचितच मोठं असतं, त्यामुळे दोन्ही नट खालून शेपटावरून चढतात. वरचा नट आटे संपतात तिथपर्यंत नेऊन जाम करायचा, मग वॉशर, मग लाकडाच्या चकत्या, पुन्हा वॉशर आणि खालचा नट. मशीन ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने काम करताना हे नट आवळतच जातात, सैल होत नाहीत. कागदावर चित्र काढून पाहा, पटेल.

शेपटावर 6200 नंबरचं बेअरिंग बसतं: आतून 10, बाहेरून 30, जाडी 9 मिमी. दुकानात ‘टू-आरएस’ माग, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मिळेल. उघडं किंवा नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं स्वस्त पडेल, पण लाकडाचा बारीक भुसा त्यात शिरला की ग्रीसचा लगदा होतो. लेथवाल्याला हेही सांग की बेअरिंग शेपटावर हाताने सरकलं पाहिजे, ठोकून बसवायचं नाही. का ते पुढे येईल.

आता ड्रम. 18 मिमीच्या प्लायच्या चार चकत्या एकावर एक, म्हणजे 72 मिमी उंची. प्लायवर आयएस 710 चा शिक्का बघून घे. तो मरीन प्लाय. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, नको. पुण्यात चालेलही, पण तू तो ड्रम चार महिन्यांनी इथे घेऊन येशील आणि आपल्या पावसात तो फुगून लांबट होईल. चकत्या 76 च्या होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने काप. दात आतल्या बाजूलाही थोडं खातात, म्हणून चकती 76 पेक्षा लहान निघते, ते ठीकच आहे. मधलं भोक 12 चं कर, चकत्या डिंक लावून शाफ्टवरच आवळ आणि रात्रभर ठेव. चकत्यांचे पदर एकमेकांशी आडवे-उभे येऊ देत.

घासून व्यास 68 मिमीवर आण. हा आकडा मी उगाच सांगत नाही. पॉलिश पेपरचा ताव 230 बाय 280 मिमीचा असतो. 68 च्या ड्रमचा घेर होतो 213 आणि वर थोडासा. 230 मधून तो वजा केला की दोन्ही टोकांना आठ-आठ मिमी उरतात, ती खाचेत मुडपायची. आणि 280 च्या बाजूने 70 मिमीच्या चार पट्ट्या निघतात. एका तावात चार पट्ट्या, कचरा शून्य. ड्रम 72 चा आणि पट्टी 70 ची, तेव्हा वर-खाली एकेक मिमी उघडं राहील, ते बरंच; कागदाची कड वॉशरला लागून फाटत नाही.

ड्रम गोल करायचा तो त्याच मशीनवर, खालचं बेअरिंग बसवल्यावर. जाड लाकडाचा सरळ ठोकळा घे, त्याला 40 नंबरचा पेपर चिकटव, गुण्या लावून टेबलाला काटकोनात उभा आहे ना ते बघ आणि थोडा थोडा पुढे सरकवत क्लँप करत जा. पटाशी हातात धरून लेथसारखं तासायचा मोह होईल. ते करू नकोस, त्याला ना हात टेकायला जागा ना मशीनला तेवढी ताकद.

मग ड्रमच्या उंचीइतकी उभी खाच, आठ-नऊ मिमी खोल, करवतीने जरा तिरपी. पट्टीची दोन्ही टोकं तीत घाल आणि वरून बांबूची पाचर बसव. कागद चिकटवणारे खूप आहेत, पण बदलताना खरवडत बसावं लागतं. शिवाय एकावर एक चढवून चिकटवलेला जोड चुकीच्या दिशेला आला तर लाकूड त्यात अडकून कागद टराटरा फाटतो. खाचेत जोडच उरत नाही. काही लोक कागदाखाली सायकलच्या ट्यूबचा पदर देतात, म्हणजे घासणं मऊ होतं. तुला द्यायचा असेल तर ड्रम 3 मिमी बारीक कर. मी देत नाही. महिरपीची धार मऊ ड्रमने गोलावते, आणि मग ती लाकडाची न वाटता साबणाची वाटते.

पेटीबद्दल. लाकूड टेकवायला आणि खालचं बेअरिंग धरायला मशीनच्या टेबलावर प्लायची चौकोनी पेटी बोल्टने बसव. वरच्या फळीला ड्रमपेक्षा सहा मिमी मोठं भोक, आणि ड्रमचा खालचा दहा-बारा मिमी भाग त्यात बुडालेला हवा, नाहीतर महिरपीच्या खालच्या कडेला एक पट्टा न घासलेला राहतो. पेटीच्या तळाशी बेअरिंगची फळी. तिला 30 मिमीचं घर बेअरिंगच्या जाडीइतकं खोल पाड आणि त्याच्या मधोमध 20 चं आरपार भोक, म्हणजे शेपूट खाली मशीनच्या टेबलाच्या भोकात उतरेल. ही फळी आधी घट्ट करायची नाही, इथेच लोक घाई करतात. स्क्रूची भोकं मुद्दाम मोठी ठेव. शाफ्ट चकात आवळ, शेपूट बेअरिंगमध्ये उतरव, मोटरचा पट्टा सैल करून स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मशीनचा दांडा, हाताने फिरव. फळी आपली जागा आपणच शोधते. ती डोलायची थांबली की मग स्क्रू आवळ, पुन्हा हाताने फिरव, कुठे जड लागतं का बघ. जड लागलं तर सोडून पुन्हा.

कागदाचा एक पट्टा झिजला की टेबल थोडं वर-खाली कर, पेटीही सरकेल आणि ताजा कागद कामाच्या उंचीला येईल. बेअरिंग शेपटावर सरकतं ठेवायला सांगितलं ते यासाठी. स्पिंडल मात्र खाली ओढायचा नाही. तो पूर्ण वर ठेवून लॉक कर. जितका बाहेर येईल तितका हलतो. आणि सगळ्याच्या आधी चक काढून टेपर दोन्हीकडून रॉकेलने पुसून कोरडा कर, जबडे आत घेऊन लाकडी हातोडीने एकदा ठोक.

वेग. आपल्याकडची मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची असते. पट्टा असा लाव की स्पिंडलही साधारण तेवढाच फिरेल. 68 च्या ड्रमवर म्हणजे कागद मिनिटाला 300 मीटर धावतो, फणसाच्या आणि शिवणीच्या लाकडाला पुरे. त्याच्या दुप्पट केलंस तर लाकूड करपेल आणि करपलेला डाग घासून काढायला तासलं त्याहून जास्त वेळ जाईल. सागवान घेतलंस तर त्याचं तेल कागदात भरतं. जुन्या बुटाचा क्रेपचा तळ फिरत्या ड्रमला टेकव, कागद पुन्हा उघडतो. आधी 80, मग 120. पुढचं 220 हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, कारण ड्रमच्या रेघा आडव्या येतात आणि पॉलिश चढवलं की नेमक्या त्याच दिसतात.

लाकूड कुठल्या बाजूने सरकवायचं ते नीट वाच. ड्रम वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे तुझ्याकडची बाजू उजवीकडून डावीकडे धावते. लाकूड तुझ्या आणि ड्रमच्या मध्ये असेल तर ते डावीकडून उजवीकडे सरकव, कायम उलट. कमान ड्रमला पलीकडून लागत असेल तर उजवीकडून डावीकडे. विसरलीस तर ड्रम लाकूड हिसकावून नेईल. दाब एवढाच ठेव की आवाज बदलू नये. आतले अगदी लहान कोपरे, जिथे 68 चा ड्रम जातच नाही, ते आपल्या मरफ्याने, म्हणजे जाड दातांच्या कानशीने, आणि साध्या कानशीनेच कर. त्यासाठी दुसरा लहान ड्रम बनवायचा खटाटोप मला तरी फुकटचा वाटतो.

भुसा. पेटीच्या मागच्या बाजूला भोक पाडून व्हॅक्युम क्लीनरची नळी लाव. पेटी बंद असल्यामुळे बराचसा भुसा तिथूनच ओढला जातो. तरी मास्क लाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. आपले मेस्त, म्हणजे सुतार लोक तोंडाला पंचा गुंडाळतात. पंच्याने बारीक धूळ अडत नाही. हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी नाही, वेणी आत खोचायची, चकाची चावी काम झाल्या क्षणी खिळ्याला. आईने हे वाक्य दोनदा लिहायला सांगितलंय, मी एकदाच लिहितो.

एक लाकडाचं. इथून नेलेल्या फणसाच्या फळ्या लगेच कापू नकोस. आपल्या दमट हवेतलं लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत आक्रसतं आणि महिरप सगळ्यात आधी तिच्या माथ्यावर, जिथे रेषा आडव्या तुटलेल्या असतात, तिथे चिरते. फळ्यांमध्ये काड्या घालून पंख्याखाली थप्पी लावून ठेव, काही आठवडे जाऊ देत, मग काप. वळणाचा माथा एका फळीतून न काढता दोन तुकडे जोडून काढलास तर अजून चांगलं. माशेलला एका जुन्या घरातल्या देव्हाऱ्याची कमान मी तशीच जोडलेली पाहिली आहे, जोड शोधावा लागतो.

ब्राइट बार आणि बेअरिंग तिकडेच घे, कुणाबरोबर पाठवत नाही. लेथवाल्याने मापात काही फरक केला तर नट चढतो का ते दुकानातच बघून घे, घरी येऊन नको. ड्रम फिरवायच्या आधी बेअरिंगच्या फळीचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. पेटी कापण्याआधी तुझ्या मशीनच्या स्पिंडलच्या मध्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर मोज. पेटीची मागची बाजू खांबाला आणि व्हॅक्युमच्या नळीला जागा सोडून बसली पाहिजे. तुझी सर्वात रुंद महिरप त्या अंतरात पूर्ण वळत नसेल तर पेटी टेबलावर फिरवून लावायला लागेल, आणि मग नळीचं भोक मागे नको, डाव्या बाजूला पाड.