बलिदान आणि गुडघा

प्रिय बारक्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. दिवाळीला वहिनींचा मेसेज आला, त्यालाही नुसते जोडलेले हात पाठवून मोकळा झालो. शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत ठीक. शुगर बॉर्डरवर आहे; बॉर्डर काही आपल्याला सोडत नाही.

झालं असं, की साठीला सूनबाईने फ्रेम करून आणली. मखमलीवर मेडलं, मरून बेरेतला फोटो, वर पॅराशूट जंपच्या विंग्स. आणि विंग्सखाली चकचकीत, नवंकोरं बलिदान, पॅरा स्पेशल फोर्सेसचा खंजिराचा बॅज! ऑनलाइन मागवलेलं. "बाबा, जुन्या ग्रुप फोटोत एकाच्या खिशावर दिसलं. म्हटलं तुमचं हरवलं असेल." तो एक म्हणजे तू.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी गप्प बसलो. वर हसून फोटोही काढून घेतला.

2019 च्या वर्ल्ड कपचं आपलं भांडण आठवतं? धोनीच्या ग्लोव्हजवर तो खंजीर दिसला, आयसीसीने काढायला लावला. तू फोनवर तापलेला: "त्याची जागा खिशावर, नेमप्लेटच्या खाली. ग्लोव्हजवर कशाला?" मी म्हणालो, "अरे, त्याने 2015 ला आग्र्याला पाच जंप तरी मारल्यात." मोठा वकील झालो होतो! आता माझीच केस उभी आहे.

विंग्सचं मला काही वाटत नाही. आपल्याही पाचच, त्यातली एक रात्रीची. त्या रात्री मालपुऱ्याच्या जंपच्या मैदानावर जमीन दिसलीच नाही, एकदम लागली. मी तोंडात माती घेऊन पडलेलो, आणि तू जिवंत आहेस का विचारायचं सोडून बिडी मागितलीस. दुसऱ्या दिवशी शर्टावर विंग्स तूच टाचून दिल्यास, त्याही तिरप्या. त्याच कापडी विंग्स फ्रेममध्ये आहेत. डावा पंख अजून खाली झुकलेला. शिंपी म्हणून तू कायमचा नापास.

पण बलिदान? ते मिळवायच्या स्पेशल फोर्सेसच्या प्रोबेशनमधून मी अर्ध्यात परत आलो, तेव्हा घरी गुडघा सांगितला. बायकोने कित्येक हिवाळे त्या गुडघ्याला तेल चोळलं. गुडघ्याला काय झालं होतं ते तुला माहीत आहे. मी पिट्ठू उतरवून ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो, तेव्हा तू समोरच उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. त्याचा राग मला बरीच वर्षं होता, हे आज सांगतो.

आता नातू शाळेत सांगून आलाय, आजोबा कमांडो होते. परवा रात्री सगळे झोपल्यावर मागचे खिळे काढले आणि बॅज उपटला. त्यावरची प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा निघाली नव्हती रे. मखमलीला दोन भोकं पडलीत. सकाळी म्हटलं, भिंतीला रंग द्यायचाय म्हणून फ्रेम उतरवली. पोराने लगेच पेंटर ठरवला. रविवारी येतोय.

रंग वाळेपर्यंत मला त्यांना सांगावं लागेल. सुरुवात गुडघ्यापासून करू की बॅजपासून, तेवढं कळव. बायकोसमोर गुडघा काढायची हिंमत होत नाही.

धाकटीचं लग्न ठरल्याचं तात्याकडून कळलं. अभिनंदन. तुझ्या कानाचं ऑपरेशन झालं का? लग्नाला येतो. ब्लेझर घालायला लावलंस तर नुसत्या विंग्स लावीन, तिरप्याच.

तुझा,
जाड्या