बाबा, मोर्चा लेखकांविरुद्ध नव्हता

म्युनिक, १६ एप्रिल २०१९

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "लेखकांच्या हक्काविरुद्ध मोर्चात गेलीस तू?" आणि फोन आईकडे दिला. आईने पोलिसांचं विचारलं, व्हिसाचं विचारलं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. ते फोनवर दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले. तो मोर्चा युरोपच्या नव्या कॉपीराइट नियमांतल्या एका कलमाविरुद्ध होता.

बाबा, मी सातवीत असताना तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकातली दोन प्रकरणं कुणीतरी उचलून आपल्या गाइडमध्ये छापली होती. उदाहरणंसुद्धा तीच. एका वाक्यात तुम्ही माझं नाव घातलं होतं, तेही जसंच्या तसं. तुम्ही त्या प्रकाशकाला चार पत्रं लिहिलीत, पाकिटांवर तिकिटं मी चिकटवली. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. वकिलाची फी ऐकल्यावर तुम्ही फाइल बांधून माळ्यावर ठेवलीत आणि नंतर कित्येक दिवस घरात त्या पुस्तकाचा विषय निघाला नाही. ते दिवस विसरून मी रस्त्यावर उतरले असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते माझ्या जिव्हारी लागेल.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या गायनवृंदापासून. गेल्या वर्षी आम्ही बाख या जर्मन संगीतकाराचं एक भजन बसवलं होतं. बाख १७५० साली वारले; त्यांच्या रचनेवर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही. गायलो आम्ही, ध्वनिमुद्रण आमचं, आणि ते कार्यक्रमाचं आमंत्रण म्हणून एका व्हिडिओ साइटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते गायब. त्या साइटच्या यंत्राला आमचं गाणं एका कंपनीच्या रेकॉर्डशी जुळतं असं वाटलं होतं. हरकतीचा अर्ज भरला आणि तीन आठवड्यांनी व्हिडिओ परत आला, पण तोवर कार्यक्रम होऊन गेला होता. आमच्यातल्या सत्तरीच्या एक बाई मला पुन्हापुन्हा विचारत राहिल्या, "पण आपण चोरलं काय?" त्यांना माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

त्याच सुमारास युरोपीय संसदेपुढचा कॉपीराइटचा मसुदा मी पहिल्यांदा नीट वाचला. त्यातलं तेव्हाचं कलम १३, आताचं कलम १७, असं सांगतं की लोकांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या मोठ्या साइट्सनी हक्कदारांकडून परवाना घ्यावा. परवाना मिळाला नाही, तर हक्कदारांनी कळवलेली कामं साइटवर दिसू नयेत म्हणून शक्य ते सगळं केल्याचं त्यांना सिद्ध करावं लागेल. नाहीतर जबाबदारी त्यांची. 'फिल्टर' हा शब्द मसुद्यात कुठेही नाही. पण मिनिटाला शेकडो तासांचे व्हिडिओ येत असताना हे माणसं बसवून होणार नाही, हे प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या कुणालाही कळतं.

अशी यंत्रं कशी चालतात ते मला ठाऊक आहे. ती आवाजाचा किंवा चित्राचा एक ठसा काढतात आणि साठ्यातल्या ठशांशी ताडून बघतात. किती जुळलं की 'हे तेच' म्हणायचं, तो आकडा कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. चोर सुटू नयेत म्हणून तो आकडा खाली आणला की आमच्यासारखे अडकतात. विडंबन, परीक्षणातलं अवतरण, शिकवताना घेतलेला उतारा या सगळ्याला कायदा मुभा देतो, पहिल्या दोहोंबद्दल याच कलमात तसं लिहिलंही आहे. पण मुभा ओळखायला हेतू कळावा लागतो आणि यंत्राला फक्त साम्य कळतं.

आता बाबा, तुमची फाइल घ्या. अशी व्यवस्था तेव्हा असती तर काय झालं असतं याचा मी बराच विचार केला आहे. ठसे नोंदवायला वेळ, पैसा आणि माणसं लागतात. ती त्या प्रकाशकाकडे होती, तुमच्याकडे नव्हती. त्याने आपलं गाइड आधी नोंदवलं असतं आणि मग तुम्ही तुमचं प्रकरण विद्यार्थ्यांसाठी नेटवर ठेवायला गेला असता, तर यंत्राने तुम्हाला अडवलं असतं. ज्याने लिहिलं त्यालाच चोर ठरवलं असतं. पाचवं पत्रही तुम्हालाच लिहावं लागलं असतं, त्या साइटच्या अर्जात, कुणाचं नाव नसलेल्या पत्त्यावर.

हे मी सभांमध्ये सांगते तेव्हा लोक मान डोलावतात. पण फेब्रुवारीत, या कलमाविरुद्धच्या निवेदनावर सह्या घ्यायला आम्ही मांडलेल्या टेबलाशी एक छायाचित्रकार आली. तिने सही करायला नकार दिला. तिचे फोटो वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पानांवर नावाशिवाय फिरतायत, मोबदला शून्य. "तुम्हाला तुमचं गाणं परत मिळालं. मला काय मिळालं?" असं तिने विचारलं. थंडीत आम्ही तासभर बोलत उभ्या होतो. मी तिला मसुद्यातली कलमं १८ आणि १९ दाखवली: कलावंताला योग्य मोबदला आणि आपल्या कामातून किती कमाई झाली याचा वर्षातून निदान एकदा हिशोब. ही कलमं मला मनापासून हवी आहेत. बाबा, तुम्हालाही हवी झाली असती, कारण तुमच्या प्रकाशकाने किती प्रती विकल्या ते तुम्हाला कधीच कळलं नाही. ती म्हणाली, "मग विरोध का करतेस?" मी म्हटलं, "एका कलमाला करते." तिने सही केली नाहीच. जाताना हातमोजा काढून हात मिळवला. तेव्हापासून टेबलावर बसले की मी आधी समोरच्याला विचारते, तुमचं काय गेलंय? मग माझं सांगते.

बाकी काम आई समजतेस तितकं धाडसाचं नाही. कायद्याची भाषा साध्या जर्मनमध्ये उतरवायची, पत्रकं वाटायची, खासदारांच्या कार्यालयांना फोन करायचे. एका कार्यालयातल्या मुलीने विचारलं, तुम्ही आमच्या मतदार आहात का? मी खरं ते सांगितलं: मत नाही, राहते इथे, कर इथे भरते. ती थांबली आणि म्हणाली, सांगा. वीस मिनिटं तिने टिपून घेतलं. आमच्या बाजूने आलेले मेल यंत्रांनी पाठवले असं काही नेते म्हणत होते आणि युरोपीय आयोगाच्या एका लेखात तर विरोधकांना झुंड म्हटलं गेलं. तो लेख नंतर काढून घेतला. म्हणून २३ मार्चच्या मोर्चात इतक्या जणांच्या हातात 'मी यंत्र नाही' असे फलक होते. आईने पाहिलेल्या फोटोत माझ्या हातात तोच आहे.

त्या दिवशी पोलिसांच्या अंदाजाने एकट्या म्युनिकमध्ये चाळीस हजार माणसं होती, बहुतेक कॉलेजातली, शाळेतलीही. आई, मोर्चा आधी कळवलेला होता आणि पोलीस रस्ता मोकळा करत आमच्यासोबत चालत होते. सभा भरवण्याचं कलम जर्मन संविधानात जर्मन नागरिकांपुरतं आहे, पण सभांच्या कायद्यात 'प्रत्येकाला' असा शब्द आहे. मी तो आधी शोधला, मगच गेले.

तीन दिवसांनी, २६ मार्चला, मतदान झालं. कलमं वेगवेगळी मतदानाला घ्यावीत का, यावर आधी कौल घेतला गेला: ३१२ बाजूने, ३१७ विरुद्ध. पाच मतांचा फरक. तो कौल आमच्या बाजूने लागला असता तर १८ आणि १९ ठेवून १७ वेगळं काढायची संधी होती. नंतर काही सदस्यांनी आपलं मत चुकलं अशी दुरुस्ती नोंदवली, पण त्याने निकाल बदलत नाही. मग अख्खा मसुदा ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. पन्नास लाखांहून अधिक सह्या होत्या आमच्या निवेदनावर. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, बाबा.

काल लक्झेंबर्गला सदस्य देशांच्या मंत्र्यांनी शेवटची मोहोर उमटवली, तीही शेती आणि मासेमारीच्या मंत्र्यांच्या बैठकीत. सहा देश विरोधात गेले, तीन तटस्थ राहिले. जर्मनीने होकार दिला, सोबत फिल्टर शक्यतो टाळावेत असं एक निवेदन जोडून. इथल्या सत्ताधारी पक्षांच्या आघाडी करारात असे फिल्टर गैर म्हणून लिहिलेले होते. त्या दोन कागदांमध्ये जी फट आहे तिथेच आता आमचं काम आहे. मंजूर झाला तो युरोपचा 'निर्देश' आहे, थेट कायदा नव्हे. प्रत्येक देशाने दोन वर्षांत आपला कायदा करायचा आहे. चुकून अडवलेल्या माणसाचं म्हणणं किती तासांत ऐकायचं, ते यंत्राने ऐकायचं की माणसाने, तोवर मजकूर दिसत राहील की नाही, हे सगळं अजून ठरायचं आहे. आमच्या गटाने हरकतींचा मसुदा करायला घेतलाय आणि खोटा हक्क सांगणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याचा भाग माझ्याकडे आला आहे.

तो लिहिताना मला त्या प्रकाशकाचं गाइड डोळ्यांसमोर हवं आहे. बाबा, माळ्यावरची फाइल अजून असेल तर खाली काढाल? स्टुलावर तुम्ही चढू नका, कुणाला तरी सांगा. चारही पत्रांचे आणि दोन्ही पुस्तकांतल्या त्या पानांचे फोटो आईच्या फोनवरून पाठवा. तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही. आणि माझा मसुदा झाला की तुम्ही तो लाल पेन घेऊन वाचावा असं मला वाटतं. जर्मनमधला नाही, मी तुमच्यासाठी मराठीत करून पाठवते.

आईच्या गुडघ्यांचं काय म्हणाले डॉक्टर, तेही कळवा.

तुमची,
मुक्ता