‘कीचकवध’ आधी, सुरत नंतर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील नाट्याचार्य खाडिलकरांवरचा लेख वाचला. आमच्या सांगलीत जन्मलेल्या या नाटककाराची आपण आठवण ठेवलीत, याचा आनंद झाला. पण त्यातल्या एका विधानाने मन अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र. सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फूट पडली, ती पाहून खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिले आणि भीम-धर्माच्या वादात तीच फूट रंगवली, असे लेखक म्हणतात. हे शक्यच नाही. ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते फेब्रुवारी १९०७ मध्ये. सुरतेत जोडे आणि खुर्च्या उडाल्या त्या त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस.

दहा महिन्यांनी काय बिघडते, असे कुणाला वाटेल. मला वाटते, सगळे नाटकच बदलते. फूट पडून गेल्यावर लिहिले असते, तर धर्मराजाला उघडे पाडण्यासाठी लिहिलेले नाटक म्हणून ते वाचता आले असते. पण खाडिलकर लिहीत होते तेव्हा दोन्ही पक्ष अजून एका मांडवात बसत होते. डिसेंबर १९०६ मध्ये कलकत्त्याला दादाभाई नौरोजींना अध्यक्षपदी आणून फूट कशीबशी टाळली गेली होती. या नाटकातला भीम थोरल्या भावाचा मान राखून आधी थांबतो, त्याच्या सौम्य उपायांना वाव देतो. ‘केसरी’त टिळकांचा सहकारी म्हणून काम करणाऱ्या माणसाने हे तेव्हा लिहिले, यात मला मवाळांना केलेली विनवणीही ऐकू येते. चुकीच्या तारखेमुळे नेमकी ती हरवते.

कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, सैरंध्री (दासी झालेली द्रौपदी) म्हणजे हिंदुस्थान, भीम जहाल, धर्म मवाळ ही जोडणी लेखात सविस्तर आली आहे. मात्र तिचा सर्वांत गाजलेला लेखी दाखला एका इंग्रज पत्रकाराचा आहे, हे राहून गेले. व्हॅलेंटाइन चिरोलच्या १९१०च्या पुस्तकात या नाटकाचे पात्रागणिक वर्णन आहे. दुबळा विराट राजा म्हणजे विलायतेतले सरकार, हेही त्यात आहे. (याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनमध्ये बदनामीचा खटला भरला आणि तो ते हरले.) चिरोलचे वाचन खोटे नव्हते. प्रेक्षकही तसेच वाचत होते. पण ते नाटकावर आरोपपत्र ठेवणाऱ्याचे वाचन होते, आणि शंभर वर्षांनंतरही आपण शाळा-कॉलेजांत तेवढ्यावरच थांबतो, याचे वाईट वाटते. प्रयोग सुरू झाले तेव्हा कर्झनला हिंदुस्थान सोडून वर्ष उलटून गेले होते. तरी लोक गर्दी करत होते, ते केवळ एका माणसावरच्या रागापोटी नसावे.

खाडिलकरांच्या चरित्रातला एक भाग या नाटकाच्या फार जवळचा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते नेपाळात होते. वरकरणी कौलांचा कारखाना आणि खरा बेत शस्त्रांच्या कारखान्याचा. तो तडीस गेला नाही. पण खरा उद्देश पोटात ठेवून परमुलखात राहणे म्हणजे काय, हे त्या माणसाने अंगावर घेतले होते, आणि परत येऊन त्याने कथा निवडली ती विराटपर्वातली, पांडवांच्या अज्ञातवासाची. कंकभट्ट झालेला धर्मराज सबुरीचा सल्ला देतो तेव्हा त्यामागे एक रोकडी भीती असते : ओळख पटली तर तेरा वर्षांचे सोसणे वाया.

हे मी आमच्या हौशी मंडळाच्या तालमीत पाहिले आहे. नाटकातला एक प्रवेश बसवत होतो. धर्माचे काम करणारा मुलगा, नाटकाची ओळख देणाऱ्या टिपणात वाचल्याप्रमाणे, ‘मवाळ’ म्हणून खांदे पाडून, रडवेल्या आवाजात बोलत होता. सैरंध्रीचे काम करणारी मुलगी त्याच्यापुढे नुसती ओरडायची, समोर तोलामोलाचे कुणी नव्हतेच. मी त्याला नेपाळची हकीकत सांगितली आणि म्हटले, कुणी ऐकत तर नाही ना, हे आधी बघ, मग बोल. त्याने पहिल्या वाक्याआधी विंगेकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. सैरंध्रीनेही नकळत आवाज दाबला. तिचा संताप दाबल्यावर कितीतरी जहाल झाला. संवादातला एक शब्दही आम्ही बदलला नव्हता.

बंदीबद्दल लेखात एकच ओळ आहे, ‘सरकार पौराणिक नाटकालाही घाबरले.’ मग तीन वर्षे ते का घाबरले नाही? संहिता तीच होती. दरम्यान १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला, टिळक मंडालेला गेले आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली ‘कीचकवध’ बंद झाले. नाशिकला त्या रात्री रंगमंचावर होते देवलांचे ‘शारदा’. त्यावर कुणी बंदी घातली नाही. तेव्हा नाटककाराचा हेतू काय, हे सरकारही बाहेरच्या घटनांवरूनच ठरवत होते. खाडिलकरांचे संगीत नाटक ‘मानापमान’ आले ते त्यानंतर, मार्च १९११ मध्ये. ‘खाडिलकर राजकारण सोडून संगीताकडे वळले’ असे लिहिण्याआधी तेव्हा टिळक कुठे होते आणि नाटकांवर कोणाचा डोळा होता, हे आपल्या लेखकाने जमेस धरायला हवे होते.

नाटक आपल्या पायावर उभे राहावे, नाटककाराचे चरित्र कशाला, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल. पण चरित्र सांगायचेच ठरवले, तर ते तारीखवार सांगा. सुरतेविषयीच्या विधानाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, वाचकांच्या नजरेत भरेल अशी छापावी, ही विनंती. बारावीची, बी.ए.ची मुले आपली पुरवणी कापून वहीत चिकटवतात.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, सांगली