लिव्हर रायफल घेण्याआधी

ह्यूस्टन,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. ओहायोत हरणाच्या शिकारीला रायफलीत सरळ पुंगळीची, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणारी, काडतुसे वापरण्याची मुभा २०१४ पासून आहे, त्यामुळे .३५७ मॅग्नम या तशाच काडतुसाची लिव्हर रायफल (घोड्याखालची दांडी हाताने फिरवून काडतूस भरायची) घेण्याचा तुझा विचार मला पटला. काडतुसाविषयी आता फेरविचार करू नकोस. .४४ मॅग्नमचा तडाखा मोठा, पण खांद्याला बसणारा धक्काही मोठाच, उलट .३५७च्या रायफलीत स्वस्त आणि सौम्य .३८ स्पेशलही चालत असल्याने सराव खिशाला जड जात नाही. शिवाय १५८ ग्रेन वजनाची जी गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण साडेबाराशे फुटांच्या वेगाने सुटते, तीच अठरा इंची नळीतून अठराशेच्या आसपास जाते. शंभर यार्डांच्या आत हरणासाठी एवढे पुरे. त्यापलीकडे मोह आवरावा.

तुझा जीव १८७३च्या विंचेस्टरमध्ये अडकला आहे, हे तुझ्या पत्रातल्या दोन पानी वर्णनावरून कळलेच. आज तशी रायफल इटलीत उबर्टी आणि जपानमध्ये मिरोकू बनवते. तिच्यात काडतूस सरळ वर उचलले जाऊन नळीसमोर येते, म्हणून लिव्हर विलक्षण सफाईने फिरते आणि काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत तिला मान आहे; मात्र काडतुसाची लांबी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की ती अडते, आणि दिवसभर रानात वागवायला ती जडही आहे. ब्राउनिंगने आखलेली १८९२ची विंचेस्टर अधिक मजबूत आणि सुटसुटीत. तिचीच नक्कल असलेली ब्राझीलच्या रॉसीची आखूड नळीची ९२ तर जेमतेम पाच पौंडांची असते आणि किमतीलाही परवडते.

पण अरे, तुला चाळिशी लागून बारा वर्षे झाली! नेम धरायची मागची खाच, पुढचे टोक आणि हरीण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसण्याचे आपले दिवस सरले. या दोन्ही रायफली रिकामी पुंगळी वरून फेकतात, त्यामुळे नेहमीच्या जागी दुर्बीण बसवता येत नाही. मार्लिन १८९४ची पाठ सपाट आणि बंद असते, पुंगळी उजव्या बाजूने पडते, आणि दुर्बीण सहज बसते. म्हणून माझा कौल मार्लिनला. तू डावखुरा असल्यामुळे पुंगळ्या तुझ्या चेहऱ्यासमोरून जातील, तेव्हा संरक्षक चष्मा विसरू नकोस. रुगरने २०२०मध्ये मार्लिन विकत घेतल्यानंतर १८९४ पुन्हा बाजारात यायला २०२३ उजाडले. जुनी मिळाली तर लिव्हर स्वतः वीसेक वेळा फिरवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

हेन्रीची बिग बॉयही बाजूनेच पुंगळी टाकते, आणि तिचे पितळी रूप तर देखणेच. पण ते वजनदार आहे. घेणारच असशील, तर पोलादी आणि बाजूने काडतुसे भरता येणारी घे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश

ता. क. गोळ्या सपाट टोकाच्याच घे. नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात, आणि अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटले तर ते काडतूस आतच उडू शकते.