मा. आरोग्यमंत्री साहेब, तो टोल फ्री नंबर नक्की कुठं लागतो?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

तुमच्यामागे कामाचा व्याप मोठा आहे याची कल्पना आहे, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचाल अशी आशा ठेवते. अर्ज-विनंत्या करून झाल्या, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय. विषय एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या बिलाचा आहे, आणि रुग्णांच्या तक्रारीसाठी नियमात लिहिलेल्या टोल फ्री नंबरचा. परवा माझ्या तक्रारीवर आमच्या महापालिकेच्या आरोग्य विभागाचं उत्तर पोस्टानं आलं. त्यात लिहिलंय की "संबंधित रुग्णालयाकडून खुलासा मागविण्यात आला, सदर खुलासा समाधानकारक असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." झालं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारलं की बाबा रे तू काही केलंस का, तो नाही म्हणाला, फाईल बंद. वर पाकिटावर मला 'श्री.' केलंय. नाव सरळसरळ बाईचं आहे साहेब, म्हणजे अर्ज उघडून तरी बघितला का ही शंकाच आहे.

तक्रार काय होती ते थोडक्यात सांगते. माझा धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. पावसाळ्यात डंपरने मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं. आधी सरकारी दवाखान्यातच नेलं होतं, आम्ही काय हौसेनं प्रायव्हेटला जाणारी माणसं नाही. तिथं सांगितलं की हाडाचे डॉक्टर दोन दिवस नाहीत आणि सी-आर्म मशीन (ऑपरेशन करताना हाड दाखवणारं एक्स-रे मशीन) बंद आहे, थांबायचं तर थांबा. पोरगा कळवळत होता, थांबणार कसं? तिथूनच कुणीतरी एका प्रायव्हेटचं नाव सांगितलं (ते कुणीतरी तिथं नेहमीच उभं असतं, का असतं ते तुम्हालाही माहीत आहे). प्रायव्हेटमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न, डिपॉझिट किती भरताय. सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं विचारलं तर "योजना आमच्याकडे नाही". पॅकेज सांगितलं सत्तर हजार, रॉड धरून. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टरच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. बिल आलं 1 लाख 62 हजार.

बिल मी ओळ न ओळ वाचलंय. मी पोळी-भाजी केंद्र चालवते, किलोभर तेल आणलं तरी पावती तपासते. त्यात आरएमओ म्हणजे वॉर्डात ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरचे चार्जेस वेगळे, नर्सिंग वेगळं, बायोमेडिकल वेस्टचे वेगळे, एमआरडी चार्जेस म्हणून एक ओळ, ती कशाची विचारलं तर म्हणे तुमची फाईल सांभाळायचे. ग्लोव्हजच्या इतक्या जोड्या लावल्यात की वाटलं अख्ख्या वॉर्डाचं ऑपरेशन एकट्या माझ्या भावावर केलं. रॉडचं स्टिकर मागितलं, ज्याच्यावर कंपनी आणि किंमत असते ते, ते काही मिळालं नाही. सत्तरचे एक लाख बासष्ट कसे झाले विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते "मॅडम सिस्टिमच तसं दाखवतेय".

आणि मग गेटपास. साहेब, तुम्ही कधी गेटपास बघितलाय का? गुलाबी कागद असतो, बिल पूर्ण भरलं की काउंटरवरून शिक्का मारून देतात, तो लिफ्टजवळच्या वॉचमनला दाखवला की मग पेशंट खाली सोडतात. डॉक्टरनी सकाळी राउंडला डिस्चार्ज लिहिला, सलाईनची सुई काढली, भाऊ कपडे घालून बेडवर बसलेला, आणि गेटपास नाही म्हणून तो त्या दिवशी तिथंच, रात्रभर तिथंच, आणि त्या रात्रीचं बेडचं भाडंही बिलात चढलं. म्हणजे आम्हालाच कोंडून ठेवायचं आणि कोंडून ठेवल्याचं भाडंही आमच्याकडूनच. मी भिशीतल्या बायकांच्या हातापाया पडून माझा नंबर पुढं घेतला, दिराने सोसायटीतून उचल काढली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुलाबी कागद हातात पडला.

आता गंमत ऐका. त्याच लिफ्टशेजारी प्लास्टिकच्या झाडामागे काचेच्या फ्रेममध्ये रुग्ण हक्कांची सनद लावलेली. माहिती मिळण्याचा हक्क, बिलाचा तपशील मिळण्याचा हक्क, कुठल्याही दुकानातून औषध आणण्याचा हक्क, डिस्चार्ज मिळण्याचा हक्क. मी झाड बाजूला सरकवून फोटो काढायला लागले तर वॉचमन म्हणाला फोटो अलाउड नाही. हक्कांचा फोटो काढायचा हक्क तेवढा सनदेत घालायचा राहिलाय बहुतेक.

ही सनद कुठून आली हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका मास्तरांनी जन आरोग्य अभियानाचं पत्रक आणून दिलं तेव्हा कळलं. आता तुम्हाला सांगायला नको, तुमच्या खात्याला ही मंडळी चांगली ठाऊक आहेत, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. 2000 साली कोलकात्यात देशभरातल्या आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनांची मोठी सभा झाली, त्यातून जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं आणि महाराष्ट्रात त्याचंच जन आरोग्य अभियान. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांच्यासारखी माणसं, त्यांच्यासोबत गावोगावच्या संस्था, नर्सांच्या, आशांच्या संघटना. 2007 पासून राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली ती यांच्याच रेट्यातून. गावातल्या बायका पीएचसीचं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायच्या, डॉक्टर हजर असतो का, औषध बाहेरून आणायला लावतात का, आणि मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. 2016 च्या जानेवारीत मुंबईत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासमोर सुनवाई झाली, प्रायव्हेट हॉस्पिटलांनी लुबाडलेली माणसं तिथं उभं राहून बोलली. 2018 मध्ये आयोगाची 17 हक्कांची सनद आली. आणि जानेवारी 2021 मध्ये तुमच्याच सरकारने, म्हणजे तेव्हा जे होतं त्यांनी, नर्सिंग होमच्या, म्हणजे प्रायव्हेट हॉस्पिटलांच्या, नियमात बदल केले. कायदा 1949 चा, नियम 1973 चे, त्यात सनद आली, दरपत्रक लावणं आलं, आणि प्रत्येक ठिकाणी रुग्णांसाठी तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री नंबर आला.

म्हणजे बघा, वीस वर्षं मोर्चे, निवेदनं, सुनावण्या करून त्या लोकांनी सरकारकडून चार ओळी लिहून घेतल्या. इतकी चिकाटी माझ्यात तरी नाही. आणि तुम्ही लोकांनी काय केलं, तर त्या ओळी राजपत्रात छापल्या आणि राजपत्र कपाटात ठेवलं.

कारण मी तो कक्ष शोधायला गेले होते. महापालिकेत खालच्या मजल्यावर विचारलं तर "कुठला कक्ष?", मग जन्म-मृत्यू नोंदणीवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी वर पाठवलं, वरच्या क्लार्कने मला बसवलं, पाणीही दिलं, माणूस वाईट नव्हता, आणि एका कागदावर मोबाईल नंबर लिहून दिला. मी म्हटलं टोल फ्री पाहिजे, तर म्हणाला हाच लावा, उचलतात. उचलला. ज्यांनी उचलला ते रिटायर होऊन घरी बसलेत! बिचारे म्हणाले ताई, मलाही रोज फोन येतात, मी सांगून सांगून दमलो की माझा नंबर काढा.

आता मला सांगा, यालाच म्हणायचं का धोरणावर प्रभाव? तुमच्या बैठकांना अभियानाच्या प्रतिनिधींना बोलावता, चहा देता, "आपल्या सूचनांचा सकारात्मक विचार करू" म्हणता, फोटो काढता. मी त्या मास्तरांवरही चिडलेय खरं तर. त्यांना म्हटलं, तुमचे लोक कागद चांगला करून घेतात हो, पण पहाटे दोन वाजता लिफ्टपाशी वॉचमनशी भांडायला कोण येणार? ते म्हणाले आम्ही मूठभर आहोत. बरोबर आहे, पण मग उरलेलं काम कुणाचं? तुमचंच ना साहेब? नियम तुमचा, शिक्का तुमचा, परवाना देणारी यंत्रणा तुमची.

दुसऱ्या बाजूचा प्रभाव मात्र बघा कसा झटपट लागू पडतो. दवाखान्यांना नोंदणी आणि नियम लावणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 चा, महाराष्ट्राने तो घेतलाच नाही, म्हणाले आमचा स्वतःचा करू, 2014 च्या सुमाराला मसुदा झाला, तो गेला कपाटात. राजस्थानात 2023 च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचा कायदा झाला, त्यामागेही तिथल्या अभियानाची कितीतरी वर्षांची मेहनत, आणि डॉक्टर रस्त्यावर उतरल्यावर दोन आठवड्यांत, 4 एप्रिलला, सरकारने तडजोड केली की ज्यांनी सरकारी जमीन-सवलत घेतली नाही त्या प्रायव्हेटला यातून वगळलं. एकीकडे वीस वर्षं, दुसरीकडे दोन आठवडे. कुणाचं वजन किती ते आम्हाला कळतं, आम्ही रोज तराजूवरच काम करतो.

कोविडमध्येही हेच झालं. 2020 मध्ये सरकारने दर ठरवून दिले, साधा बेड 4,000, आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटरला 9,000 दिवसाचे. चांगला निर्णय होता, म्हणजे मनात आणलं तर करता येतं! आणि नंतर अभियानाच्या लोकांनी आणि एकल महिलांसाठी काम करणाऱ्यांनी मिळून अडीच हजारांवर पेशंटांची माहिती गोळा केली तर बहुतेकांकडून ठरलेल्यापेक्षा जास्त घेतलेलं. नवरा गेलेल्या बायका बिलांच्या झेरॉक्स घेऊन ऑफिसाच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांच्यापुढं माझं दुःख काहीच नाही, माझा भाऊ निदान घरी आला.

तुम्ही म्हणाल योजना आहे की, पाच लाखांपर्यंत कव्हर, सगळ्या रेशनकार्डांना. आहे. पण अपघात झालेल्या माणसाने आधी यादी बघून मग योजनेतल्या हॉस्पिटलसमोर पडायचं का? आणि 15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले, ते तर फारच छान, फक्त मोफत मिळायला तिथं डॉक्टर आणि चालू मशीन लागतं. त्याच वर्षी कळव्याच्या आणि नांदेडच्या सरकारी रुग्णालयांत काय झालं ते अख्ख्या देशाने पाहिलं, नांदेडला एका दिवसात 24 जीव गेले. नंतर चौकशा झाल्या, समित्या झाल्या, पुढाऱ्यांनी डीनला संडास साफ करायला लावला तेवढं टीव्हीवर दिसलं.

पैसे नाहीत म्हणू नका. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर, राज्यांनी 2020 पर्यंतच बजेटच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त. 2025 गेलं. आपलं राज्य त्या 8 च्या जवळपास तरी आहे का? देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून लोकांच्या खिशातून जातात, आणि हे मी नाही, सरकारचाच 2021-22 चा हिशेब सांगतो. कमी झाले म्हणून त्याच्याच जाहिराती करता. माझ्या खिशातून तर शंभरातले शंभर गेले.

आणि हो, मी तुमची लाडकी बहीण पण आहे. महिन्याला 1,500 येतात, खोटं बोलणार नाही, उपयोग होतो. पण हिशेब केला तर हे एक बिल फेडायला 108 हप्ते लागतील, म्हणजे नऊ वर्षं. नऊ वर्षं तुम्ही मला ओवाळणी द्यायची आणि मी ती जशीच्या तशी त्या काउंटरवर नेऊन भरायची, असला कसला भाऊबीजेचा व्यवहार? त्यापेक्षा 1,500 नका देऊ, तेवढा फोन उचलणारा माणूस द्या. डॉक्टर हे देव आहेत का दानव या भांडणात मला पडायचं नाही, पण 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात दहा लाखांच्या डिपॉझिटचं प्रकरण गाजलं तेव्हा किती मंत्री, किती आमदार टीव्हीवर बोलत होते, मग महिन्याभरात सगळे गप्प. बाहेरून औषध आणण्याचा विषय सुप्रीम कोर्टात गेला, कोर्टाने 2025 च्याच मार्चमध्ये तो राज्यांकडे सोपवला. तो तुमच्या टेबलावर पोचला का?

मागण्या मोठ्या नाहीत. माझी बंद केलेली फाईल उघडा आणि बिल तपासा, हॉस्पिटलला विचारून नव्हे, बिल बघून. राज्यातल्या प्रत्येक महापालिकेचा आणि जिल्ह्याचा तक्रार निवारण नंबर एका पानावर छापा आणि छापण्याआधी तुम्ही स्वतः तो लावून बघा, मंत्र्याचा फोन आहे हे न सांगता. परवाना रिन्यू करताना दरपत्रक भिंतीवर आहे का ते बघा, झाडामागे नाही, भिंतीवर. गेटपास बंद करा. आणि ज्यांनी हे नियम लिहायला लावले त्या अभियानाच्या माणसांना नुसतं मुंबईत चहाला नका बोलावू, आमच्या शहरातल्या तपासणीत त्यांचा एक माणूस बसवा. मास्तर तयार आहेत, मी विचारलंय.

भावाला दीड-दोन वर्षांनी रॉड काढायला परत ॲडमिट करायचंय, डॉक्टरनी आत्ताच लिहून दिलंय. रिक्षा अजून दारात झाकून उभी आहे. तोपर्यंत तो नंबर लागेल असं बघा.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रवाली
(सौ., श्री. नव्हे)