घरी सोडल्यानंतर विचारणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाचा आपला अग्रलेख वाचून राग आला, म्हणून अंक बाजूला ठेवला. काल संध्याकाळी पुन्हा वाचला, तरी राग गेला नाही. म्हणून लिहिते आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या त्या मुलाच्या आत्महत्येची दखल आपण अग्रलेखात घेतलीत, हे योग्यच झालं. पण शेवटी 'अपयश पचवण्याची जिद्द हरवलेली पिढी' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे झालात. त्या मुलाला आपण ओळखत नव्हतात, मीही नाही. पण माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये याच काठावरून परत आला आणि त्याच्यात जिद्द कमी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. पुण्यातल्या पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, एका वेळच्या मेसवर त्याने वर्षं काढली. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य परीक्षेला कट ऑफ थोडक्यात हुकायचा, मग पुढची जाहिरात कधी निघते याची वाट. पहाटे अभ्यासिका उघडायच्या आत दारात उभा राहणारा मुलगा होता तो. अशा मुलाला जिद्दीचा धडा कशाला?

त्याच्या बाबतीत बिघडलं होतं ते विचार करण्याचं यंत्र. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पुढच्या काळात या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेले आणि घरात डोळ्यांदेखत घडलेल्या एकेका गोष्टीचा अर्थ लागत गेला.

त्याचा एक मित्र परीक्षा सोडून गावी परतत होता, तेव्हा यानेच त्याला चार मार्ग सुचवले होते. त्यातला एक मित्राने धरलाही. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र याला एकही मार्ग दिसेना. शेती होती, पदवी होती, मामा धंद्यात घ्यायला तयार होते. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "ते ठीक आहे, पण ते माझ्यासाठी नाही." आत्महत्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हेच मांडून ठेवलं आहे. वेदना असह्य झाली की विचाराचा पट्टा अरुंद होत जातो, 'एक तर हे, नाही तर काहीच नाही' एवढंच उरतं, आणि त्याही वेळी त्याच माणसाला जगायचंही असतं. बुद्धी शाबूत असते, ती फक्त स्वतःच्या कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट. पुण्याहून परत आल्यावर मी त्याला आजोळच्या सुट्ट्यांबद्दल विचारायची. "मजा यायची," एवढंच म्हणायचा. कोणती मजा, कोणत्या दिवशी, विहिरीवर कोण कोण होतं, काही नाही. आईला वाटायचं, हा मुद्दाम तुटक बोलतो आहे. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितलं होतं. इतरांच्या मानाने त्यांना प्रसंग सांगणं जड गेलं, ते मोघम बोलत राहिले. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मागच्या वेळी अडचणीतून कसे बाहेर पडलो, हे माणूस नेमक्या प्रसंगावरूनच शिकतो. तो प्रसंगच आठवेना, तर पुढचं पाऊल सुचणार कुठून?

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत वाईट. त्याच्या वहीत बाबांनी त्याच्यावर केलेल्या खर्चाचा पैन्‌पै हिशेब होता. आपण नसलो तर घर सुटेल, अशी त्याची खात्रीच पटली होती. थॉमस जॉइनर या अभ्यासकाने २००५ मध्ये जो सिद्धांत मांडला, त्यात 'मी इतरांवर ओझं आहे' ही समजूत मध्यवर्ती आहे. समजूत खोटी असते, पण तिच्या आत बसलेल्याला ती पुराव्यासकट खरी वाटते. कुणी स्पष्ट विचारलं तरच ती बाहेर येते.

आता मूळ तक्रारीकडे येते.

भावाला आम्ही एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शर्थ करून जीव वाचवला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण दाखल करतानाच तिथल्या एका कर्मचाऱ्याने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "चुकून झालं असं सांगा. नाही तर एमएलसीत तसं जाईल, पोलीस केस होईल, पोराची सरकारी नोकरी गेली समजा." (एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांची रुग्णालयातली नोंद.) नंतर जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानेही तेच सुचवलं. कागदावर 'चुकून' लागलं. आणि एकदा ते लागल्यावर त्याला मानसोपचाराकडे पाठवायचं कुणाला कारणच उरलं नाही. विभाग त्याच इमारतीत होता, जिना चढता-उतरता मी त्याची पाटी बघत होते. प्रकृती स्थिर झाली तसं डिस्चार्ज कार्ड हातात पडलं. त्यावर दोन गोळ्या आणि 'आठ दिवसांनी दाखवणे'. निघताना उपदेश मिळाला, "पुन्हा असा वेडेपणा करू नकोस. आईकडे बघ जरा." जो मुलगा आपण आईवर ओझं आहोत या विचाराने तिथवर पोहोचला, त्याला आईकडे बघ म्हणून सांगितलं!

हे २०१९ मध्ये घडलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. याच कलमात पुढे असंही आहे की अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, जेणेकरून पुन्हा तसं घडण्याचा धोका कमी होईल. म्हणजे ज्या केसची आम्हाला भीती घातली गेली ती चालणारच नव्हती, आणि जी मदत आमच्या हक्काची होती ती त्या भीतीपायीच हातची गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम गेलं. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम तेवढं ठेवलं आहे. तरी 'चुकून लिहा, कटकट नको' हा सल्ला आजही दिला जातो. आमच्या ओळखीतल्या एका घराला तो अलीकडेच मिळाला. आपल्या वृत्तपत्राने यावर एक तरी बातमी करावी.

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला पुढचा धोका सर्वांत जास्त असतो आणि घरी सोडल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे फार नाजूक असतात, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यावर करायचं काय, तेही ठाऊक आहे आणि ते महागडं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ जणांपैकी काहींना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी त्या उपचारांबरोबरच तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कुणीतरी ठरवून विचारत राहिलं.

माझ्या भावाला हे मिळालं ते केवळ योगायोगाने. वॉर्डातल्या एका सिस्टरना आमच्या 'चुकून'वर विश्वास बसला नव्हता. त्यांनी आईचा नंबर घेतला आणि आपल्या फोनवरून, ड्युटी संपल्यावर, त्याला फोन करू लागल्या. आधी वरचेवर, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. बदली झाली तरी फोन चालू होते. पहिल्याच फोनमध्ये त्यांनी सरळ विचारलं, "मनात परत तसे विचार येतात का?" आई घाबरली, म्हणाली, विसरत चाललेल्या पोराला कशाला आठवण करून देतात! तो विसरला नव्हता. त्या रात्री तो पहिल्यांदा बोलला. विचारल्याने तसे विचार मनात भरतात ही समजूत घरोघरी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसं काही आढळलं नाही. उलट आधीच त्रासात असलेल्या मुलांचा ताण विचारल्याने किंचित कमीच झाला होता. सिस्टरांनीच आम्हाला मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं. अशा मनःस्थितीत काय करायचं, कुणाला फोन करायचा, याची चिठ्ठी त्याने तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिली. धोक्याच्या वस्तू काही काळ घराबाहेर ठेवल्या. लाट ओसरते, ती ओसरेपर्यंत माणसाला सांभाळायचं असतं, हे आम्हाला तिथे कळलं. आज तो एका पतसंस्थेत नोकरी करतो. हे पत्र त्याने वाचलं आहे आणि पाठव म्हणाला आहे.

एका सिस्टरच्या भलेपणावर राज्य चालत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांत महाराष्ट्राच्या २२,७४६, सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आपल्या मातीत जमणार नाही, असंही कुणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घराघरांत नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. आपल्या जिल्हा वार्ताहरांनी आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना एकच प्रश्न विचारावा: अशा रुग्णाला घरी सोडल्यावर फोन कोण करतं? उत्तर छापावं.

आता आपल्या पानाबद्दलही बोलायला हवं. त्या मुलाचा फोटो आपण चार कॉलमी छापलात, चिठ्ठीतली वाक्यं मथळ्यात घेतलीत, जागा आणि प्रकार तपशिलात दिलात. आत्महत्येच्या बातम्यांसाठी प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आपल्या कार्यालयात असतीलच. त्यात फोटो, सनसनाटी मथळे, जागेचे आणि प्रकाराचे तपशील यांना मनाई आहे. व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतल्या अशा घटनांचं वार्तांकन आवरतं घेतलं, तर काही महिन्यांत तिथल्या घटना झपाट्याने कमी झाल्या. तुमच्या लेखणीत केवढी ताकद आहे, याचं याहून मोठं प्रमाण मी काय देऊ? त्याच पेठेतल्या, त्याच अभ्यासिकेतल्या किती मुलांनी ते पान पाहिलं असेल!

आणि गुरुवारच्या पुरवणीत मानसोपचारतज्ज्ञांचं एक सदर यायचं, ते दिवाळीनंतर बंद झालं. त्या जागी आता क्लासच्या जाहिरातीत यशवंतांचे फोटो असतात. सदर परत सुरू करा. आमच्याकडे ते कापून ठेवलं जायचं, ग्रंथालयात मुलं मागून न्यायची.

पत्र लांबलं आहे, जागेची अडचण मी समजते. कापायचं असेल तर माझ्या रागाचा भाग कापा. कलम ११५ आणि चेन्नईच्या प्रयोगाचा परिच्छेद मात्र ठेवा. आणि सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही, हे बारीक अक्षरात तळाशी न टाकता वर ठळक छापा.

आपली नियमित वाचक,
एक बहीण
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)